एकोणीस नव्हे, एकतीस: गावच्या स्मारक समितीस खुले पत्र

प्रति,
सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत,
अध्यक्ष व कार्यकारिणी, ग्रामविकास मंडळ (मुंबई),
गावकर, मानकरी आणि स्मारक समितीतले सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

तुमचं छापील पत्रक मिळालं. फाट्यावर कमान, कमानीच्या डाव्या अंगाला चिऱ्याचा चौथरा, त्यावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी आणि पाटीवर ‘पहिल्या महायुद्धातील आपल्या गावचे १९ शूरवीर’. चौथऱ्याच्या मधोमध काचेखाली आमच्या घरातली काशाची तबकडी बसवायची आहे. ती आमच्या घराण्याने ‘सहर्ष दिली आहे’ असं पत्रकात छापलंय. दिलेली नाही. मुंबईच्या सभेत चहा-वड्याच्या गडबडीत माझ्या पुतण्याने मान डोलावली असेल. पण तबकडी माझ्या देव्हाऱ्यात आहे आणि मला कोणी विचारलेलं नाही.

सरपंच माझे विद्यार्थी. वर्गात अरे-तुरे होतं, इथे अहो-जाहो करते. पण तेव्हाही त्यांना सांगत असे आणि आजही सांगते, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचावा. तुमचा प्रश्न तुम्ही एकदाच वाचलात आणि तोही अर्धा.

आधी तबकडीविषयी सांगते, कारण समितीतल्या निम्म्या लोकांनी ती बघितलेलीच नाही. पत्रकातला फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी तबकडीचा आहे, त्याच्यावरचं नाव गोऱ्या माणसाचं आहे.

मी या घरात सून म्हणून आले १९७६ साली, वैशाखात. घरात आजेसासरे होते. गाव त्यांना बसऱ्याचे आजोबा म्हणायचं. ऐंशीच्या घरातले, ताठ, कानाने थोडे कमी. पहिल्याच दिवशी देवाला नमस्कार करायला गेले तर देव्हाऱ्यात टाकांच्या मागे, भिंतीला टेकवून, नारळाच्या वाटीपेक्षा मोठी गोल तबकडी उभी. काळपट तांबूस. एक बाई उभी, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. मी मनात म्हटलं, अंबाबाई. कुंकू लावलं. सासूबाईही तेच करत होत्या आणि त्यांच्या सासूबाईही. देवीच्या समोरच्या बाजूला एक छोटी चौकट, तिच्यात काही उठावाची अक्षरं. साठ वर्षांचं कुंकू त्या चौकटीत बसून लाल झालेलं आणि अक्षरं तेवढी वर चकचकीत. जवळ जाऊन बघितलं तर अक्षरं इंग्रजी! डीएड झालेली मुलगी मी, देवीच्या अंगावर इंग्रजी बघून गोंधळले.

ती देवी नव्हे. ती ब्रिटानिया, इंग्लंडच्या पेनी नाण्यावर पूर्वी असायची तीच बाई. तिच्या दोन्ही बाजूंना दोन मासे दिसतात ते डॉल्फिन, म्हणजे त्यांचं समुद्रावरचं राज्य. खाली अगदी बारीक आणखी एक सिंह आहे, तो एका गरुडाला फाडतोय. गरुड म्हणजे जर्मनी. १९१७ साली इंग्लंडात या तबकडीच्या चित्रासाठी स्पर्धा ठेवली होती, आठशेच्या वर चित्रं आली, त्यातून लिव्हरपूलच्या एडवर्ड कार्टर प्रेस्टन या शिल्पकाराचं निवडलं. लढाईत मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ही तबकडी पाठवली, एकूण तेरा लाखांहून जास्त. ओतीव काशाची, पावणेपाच इंच व्यासाची. हिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो. कर्नल असो की शिपाई, मरण सारखं म्हणून मुद्दाम नाही घातला. इंग्लंडातले लोक तिला मेलेल्याची पेनी म्हणत. आमचे आजोबा तिला ढब्बू म्हणायचे.

हे सगळं मला खूप नंतर कळलं. १९७६ साली एवढंच कळलं की चौकटीतलं नाव आजोबांच्या थोरल्या भावाचं आहे.

दोघे भाऊ दाभोळहून आगबोटीने मुंबईला गेले आणि तिथून पलटणीत. पलटण ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. १९१४ चा पावसाळा सरला आणि पुणे डिव्हिजनबरोबर ती आजच्या इराकातल्या बसऱ्याला उतरली. पुढच्या वर्षी तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने वर सरकत गेली, बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मार खाल्ला आणि मागे येऊन कूत नावाच्या गावात अडकली. डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी वेढा दिला तो २९ एप्रिल १९१६ ला आपल्या बाजूच्या इंग्रज जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली तेव्हा सुटला. सुटला म्हणायचं आपलं. आतली माणसं कैदेत गेली.

इतिहासाच्या पुस्तकात एवढं असतं. आजोबा यातलं काहीच सांगायचे नाहीत. बसऱ्याचे खजूर कसे होते ते सांगायचे, तिथल्या डासांना शिव्या द्यायचे. एका पावसाळ्यात, वीज नव्हती, कंदिलाची काच पुसत पडवीत बसले होते. मी नवी, घाबरी आणि शिकलेली, तिन्ही एकदम. विचारलं, ‘आजोबा, त्या तबकडीवर काय लिहिलंय ते तुम्हाला कोणी वाचून दाखवलं का?’ म्हणाले, ‘पोष्टमनान वाचलान होता तेवा. नाव. कडंनं कायतरी हाय ता नाय वाचलान.’ मी तबकडी आणली आणि कडेचं वाचलं. त्याने स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी प्राण दिले, असा त्याचा अर्थ. स्वातंत्र्य म्हटलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. मान म्हणजे काय विचारलं. मी म्हटलं, मान, अब्रू. खूप वेळ काच पुसत राहिले. मग म्हणाले,

‘अब्रू म्हनतेस तर बरोबर लिवलानी. त्यान घोडा खाल्लान नाय.’

मला काहीच समजलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं. वेढ्यात धान्य संपत आलं तसे पलटणीचे घोडे आणि खेचरं मारून शिधा म्हणून देऊ लागले. गोऱ्यांनी खाल्लं. हिंदुस्थानी शिपायांनी किती तरी आठवडे हात लावला नाही. अशा संकटात चालतं, धर्म बुडत नाही, असे निरोप इकडच्या धर्मगुरूंकडून मागवले गेले. तरी कित्येक अडून बसले. जव्हाचं पीठ मुठीवर आलं. भाजीपाला नाही, मांस नाही, शिपायांच्या हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं. थोरला भाऊ म्हणाला, आईला काय तोंड दाखवू? धाकट्याने शेवटच्या महिन्यात खाल्लं. शरणागतीनंतर कैद्यांना बगदाद, मोसुल करत रास-अल-ऐनच्या रेल्वेच्या कामावर हाकलत नेलं. ज्याच्या अंगात थोडी ताकद उरली होती तो चालला. थोरला बगदादच्या पुढे कुठेतरी बसला तो उठला नाही.

‘मी खाल्लंय म्हनून आलंय,’ आजोबा म्हणाले.

१९१९ ला परत आले तेव्हा आईने दारातच विचारलं, काय खाल्लंस? त्यांनी खरं सांगितलं. गोमूत्र-पंचगव्य झालं, भटजी झाले, गावजेवण झालं. पुढे तबकडी आली, राजाच्या पत्रासकट. आईने ती देवात ठेवली. घोडा न खाणारा मुलगा देवात आणि खाणारा ओटीवर, अशी त्या घरातली मांडणी झाली आणि आजोबा त्याच ओटीवर आणखी साठ वर्षं राहिले. त्यांची स्वतःची पदकं होती. चांदीचं होतं ते एका वाईट सालात आटवलं, आत्याच्या लग्नात त्याची जोडवी झाली. भावाची तबकडी मात्र त्यांनी कधी घरातून हलू दिली नाही. माझे सासरे एकदा मुंबईला दाखवायला नेतो म्हणाले तर आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. दसऱ्याला कोयते आणि पाटा-वरवंट्याबरोबर तीही खाली यायची, तेव्हा तेच पुसायचे. कुंकवाची चौकट तेवढी पुसायची नाही. १९७९ साली गेले.

आता माझी चूक सांगते, कारण तीच चूक तुम्ही करायला निघाला आहात. ते गेल्यावर तबकडी माझ्याकडे आली आणि मी तिला दर दसऱ्याला चिंच आणि राखेने लख्ख घासत राहिले. वीस-बावीस वर्षं. सगळी भांडी लख्ख, ही का काळी? एक दिवस लक्षात आलं, ब्रिटानियाचं नाक गेलंय. सिंहाची आयाळ सपाट झाली. उठावाचं काम घासलं की वरचा थर जातो आणि नाव हे तिच्यावरचं सगळ्यात वरचं काम आहे. तेव्हापासून फक्त सुक्या मऊ कापडाने धूळ टिपते. चौथऱ्यात बसवून तुम्ही ती सिमेंटमध्ये ओताल, वर काच लावाल. काचेच्या आत आपल्याकडचा खारा वारा शिरेल आणि बाहेर पडणार नाही. फाट्यावरून खाडी किती लांब आहे? पावसाळा संपेस्तोवर हिरवी पूड धरेल. मग कोणीतरी पितांबरी घेऊन येईल.

म्हणून तबकडी चौथऱ्यात द्यायला माझा नकार आहे. पण हे पत्र तबकडीसाठी नाही लिहिलं. नकार फोनवर कळवला असता, झालं असतं.

पत्र लिहिलं ते एकोणीस या आकड्यासाठी.

जुनी शाळा पाडली तेव्हा तिच्या समोरच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी होती, आठवते? मी त्या शाळेत अकरा वर्षं शिकवलं, तिच्याखाली प्रार्थनेला उभी राहिले. युद्ध संपल्यावर सरकारने अशा पाट्या ज्या गावांतून माणसं गेली तिथे बसवल्या. आपल्या पाटीवर लिहिलं होतं: या गावातून एकतीस माणसे १९१४-१९१९ च्या महायुद्धास गेली, त्यांपैकी सहा जणांनी प्राण दिले. बस. नाव एकही नाही. मला त्या पाटीचा राग यायचा. पोरं विचारायची, बाई, कोण एकतीस? मी काय सांगणार? गोण्या मोजाव्यात तशी माणसं मोजलीत, असं मी एकदा हेडमास्तरांना म्हणाले होते. आता तो राग गिळते. त्या आकड्याने आपल्यावर उपकार केले आहेत. एकतीस गेले हे दगडावर कोरलंय, म्हणूनच तुमचे एकोणीस अपुरे आहेत हे कळतं. नावं असती तर नावं दाबता आली असती. आकडा दाबता येत नाही.

बरं, ती पाटी आहे कुठे? बांधकामाच्या वेळी काढली, ‘जपून ठेवली’ असं सभेत सांगितलं. गेल्या पावसाळ्यात मला ती सार्वजनिक नळाच्या खाली पालथी सापडली, कपडे धुवायला. बायकांनी हलवायला मदत केली. आता ती माझ्या पडवीत आहे, भिंतीला टेकवून, आणि तुम्हाला हवी तेव्हा पावतीवर मिळेल. पावती हवी.

तुमचे एकोणीस कोण ते मी यादीत वाचलं. सगळे दोन वाड्यांतले. आमची वाडी आणि वरची वाडी. चुकीचं एकही नाव नाही, सगळे गेले होते. पण गाव म्हणजे या दोनच वाड्या होत्या का? बारा माणसं आकाशातून पडून लढाईला गेली?

मी आणि माझी नात गेलं वर्षभर दारोदार फिरलो. बौद्धवाडीत पाच नावं मिळाली. त्यातल्या दोन घरांत १११ व्या महार पलटणीचे सुटकेचे कागद आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रेशनकार्डाबरोबर. ही पलटण १९१७ साली उभी केली आणि १९२१ साली मोडली. त्याच्या आधी पंचवीस वर्षं सरकारने महारांची भरतीच बंद केली होती. आपल्या दापोलीत राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी, पलटणीतून पेन्शनीत निघालेल्या माणसाने, ती उठवा म्हणून १८९४ साली विनंतीअर्ज लिहिला होता. तेव्हा कोकणातून वरच्यांना पत्र लिहिणारी मी काही पहिली नाही, आणि मला तर पेन्शन जाण्याचीही भीती नाही. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा भरती उघडली, युद्ध संपलं तशी पुन्हा मिटली. आता शंभर वर्षांनी आपण आपल्याच कमानीवरून त्यांना पुन्हा वगळणार आहोत.

मोहल्ल्यात दोन नावं मिळाली. एक जण पलटणीत होता. दुसरा बोटीवर, बंबात कोळसा टाकायच्या कामावर, आणि बोट बुडाली तेव्हा गेला. त्या घरातल्या आजीबाईंनी उभ्या जन्मात न पाहिलेल्या सासऱ्यांच्या भावाची कथा मला अशी सांगितली की मीच रडले. समुद्रावर गेलेल्यांना सैनिक म्हणायचं का, असं समितीतल्या एका गृहस्थांनी मला विचारलं. मुंबईत मशीद बंदरला खलाशांचं जुनं वसतिगृह आहे, तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक आहे. मंडळाचं ऑफिस तिथून फार लांब नाही. जाऊन या. कोकणच्या किनाऱ्यावर बसून ‘समुद्रावर गेलेल्यांचं काय’ असं विचारायला माणसाला धीरच लागतो.

गाबीतवाडीत एक नाव. हे मी थोडं निवांत सांगते. त्या घरात एक पदक निघालं, माळ्यावरच्या डब्यात, जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांबरोबर. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस. घरातल्यांनी खंडोबा म्हणून हळद लावलेली. नातीने हसून माझ्याकडे बघितलं, आमच्या घरचं तिला माहीत होतं ना! ते ब्रिटिश वॉर मेडल. घोड्यावरचा तो सेंट जॉर्ज. पण हे पदक चांदीचं असतं आणि हे काशाचं होतं. मला वाटलं खोटं. मग शोधल्यावर कळलं, लढणाऱ्यांना चांदीचं दिलं आणि हमाल, मजूर अशा तुकड्यांत गेलेल्यांना तेच पदक काशाचं. तबकडीवर हुद्दा नको म्हणणाऱ्या साहेबांनी पदकाच्या धातूत हुद्दा घातला होता. कडेवर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव आहे. नाव वाचून दाखवल्यावर त्या घरातला मुलगा, बोटीवर जाणारा, पंचवीसेक वर्षांचा असेल, म्हणाला, ‘हा आमच्याकडं आडनाव म्हनून लावतो आमी, मानूस होता काय?’

आठ झाले. एकोणीस आणि आठ सत्तावीस. चार अजून मिळायचे आहेत.

यातल्या काहींसाठी तुम्हाला फार लांब जायला नको. कॉमनवेल्थच्या युद्धकबरी सांभाळणारा जो आयोग आहे, त्याची नोंदवही आता मोबाईलवर बघता येते. त्यात हिंदी शिपायाच्या नावापुढे अनेकदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि ‘रत्नागिरी, बॉम्बे’ असं लिहिलेलं असतं. आपल्या गावाचं नाव नातीने पाच वेगवेगळ्या स्पेलिंगने घालून बघितलं, चौथ्याला लागलं. आजोबांचे भाऊ त्यात सापडले. त्यांना कबर नाही, म्हणून त्यांची गणती बसऱ्याच्या स्मारकात. त्या स्मारकावर चाळीस हजारांच्या वर माणसांची आठवण आहे. १९९७ साली सद्दामने ते मूळ जागेवरून उचलून बत्तीस किलोमीटर दूर वाळवंटात नेऊन उभं केलं. पण मला त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळं. त्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, आणि हिंदी शिपायांची? अंमलदार तेवढे नावाने. बाकीचे पलटणीच्या नावाखाली फक्त आकड्याने. इतके इतर. आयोगाने २०२१ साली या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली.

म्हणजे साहेबाने तिकडे भिंतीवर आकडा लिहिला, इकडे शाळेच्या भिंतीवर आकडा लिहिला. धातूत नाव ओतलं ते फक्त आमच्या देव्हाऱ्यातल्या तबकडीवर. त्या एका नावाला काचेत बसवून बारा जणांना बाहेर ठेवण्याच्या कामी ती तबकडी वापरायची, हे मला करवत नाही. आजोबांना करवलं नसतं असं म्हणणार नाही. त्यांच्या काळी तेही त्यांच्याच काळाचे होते, बौद्धवाडीतल्या माणसाला त्यांनी कधी ओटीवर घेतलं नाही. पण त्या वाडीतला १११ पलटणवाला म्हातारा दर महिन्याला पेन्शनच्या दिवशी आमच्या गडग्याशी येऊन उभा राहायचा आणि आजोबा अलीकडून, तो पलीकडून, असे तासभर बसऱ्याचं बोलायचे. हे मी डोळ्यांनी बघितलंय. गडग्यावर दोघांचे विडीचे थोटके असायचे.

एक गोष्ट समितीतल्या तरुणांसाठी, कारण तुमच्या पत्रकात यशवंत घाडगे यांचा उल्लेख आहे आणि तो असायलाच हवा. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, १९४४ च्या जुलैत इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची बटालियन तिसरी. ती तिसरी म्हणजे आपल्या गावच्या या माणसांचीच ११० वी, १९२२ च्या फेररचनेत नंबर बदललेली. तीच पुढे पॅराशूटवाल्यांची दुसरी बटालियन झाली आणि डिसेंबर १९७१ मध्ये टांगाईलला आकाशातून उतरून ढाक्यात शिरली. कूतमध्ये उपाशी मेलेल्यांपासून ढाक्यापर्यंत धागा एकच आहे. पाटीवर एका ओळीत हे लिहिता येईल. आणि इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ साली घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. परक्या गावाने परक्या माणसाचं नाव लिहिलं.

आता कामाचं.

पाटीवर एकोणीस कोरून झाले नसतील अशी आशा आहे. ग्रॅनाइटवाल्याला थांबवा, आगाऊ दिलेले पैसे बुडाले तर माझ्या पेन्शनीतून घ्या. एकतीस ओळींची पाटी करा. सत्तावीस नावं मी देते, पुराव्याचे झेरॉक्स जोडून. चार ओळी रिकाम्या सोडा, दगड आहे, पळून जात नाही. नावं अकारविल्हे लावा, वाडीप्रमाणे नको. कोनशिलेवर उद्‌घाटकांची, प्रमुख पाहुण्यांची, विशेष उपस्थितीची आणि सौजन्याची किती नावं येणार आहेत ते पत्रकात वाचलं, अकरा आहेत. ती असू द्यात, पण अक्षरं एकतिसांच्या अक्षरांपेक्षा लहान. शाळेची संगमरवरी पाटी चौथऱ्यावर पहिल्या जागी बसवा, पालथी नव्हे.

तबकडीऐवजी तिचा प्लास्टरचा साचा करून घ्या, मी त्याला परवानगी देते. साचा उन्हात ठेवा, पावसात ठेवा, पितांबरीने घासा.

या पत्रात मी थोरल्या आजोबांचं नाव लिहिलेलं नाही, धाकट्यांचंही नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आता एकट्याचं लिहिणार नाही. एकतीस मिळाले की सगळी एकदम.

शिमग्याला पालखी आमच्या अंगणात येते, त्या दिवशी चाकरमानी असतात, सगळ्या वाड्यांची माणसं असतात. मोहल्ल्यातल्यांना मी स्वतः बोलावलंय, ते दरवर्षी ढोल ऐकायला गडग्याशी येतातच, या वेळी आत येतील. तबकडी देव्हाऱ्यातून काढून पडवीत पाटावर ठेवीन, गाबीतवाडीचं पदकही तिथेच असेल. कुणाच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर, देवात, लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून असं काही गोल, जड, इंग्रजी अक्षरांचं पडलं असेल तर घेऊन या. जसं असेल तसं आणा, घासू नका, हळद-कुंकू लागलेलं असेल तर तसंच राहू द्या. वाचून, नाव उतरवून, तुमचं तुम्हाला परत. पदकाच्या कडेवरची अक्षरं फार बारीक असतात, तेव्हा चष्मा विसरू नका. माझा एकटीचा सगळ्यांना पुरत नाही.

आपल्या गावची सून,
निवृत्त प्राथमिक शिक्षिका